मातीतली ढाक, गादीवरची ढाक
खानदेशातलं एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, आणि भीमाने बकासुराला लोळवलं ते पद्मालयाच्या रानात, अशी आमच्याकडची समजूत. तिथलं भीमकुंड पाहून आलेलं पोर दंड थोपटतच घरी येतं. मला मात्र भीमाची जरासंधाशी झालेली लढत जास्त जवळची वाटते. जरासंध काही केल्या मरेना. कृष्णाने काडी चिरून तिचे तुकडे उलटसुलट टाकले, तेव्हा कुठे भीमाने डाव बदलला. ताकद तीच होती.

मुष्टियुद्धात महंमद अलीला असंच करावं लागलं. तरुणपणी तो हात खाली सोडून नाचायचा, मान मागे घेऊन ठोसा चुकवायचा. सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे १९६७ साली त्याचा परवाना गेला आणि ऐन उमेदीची साडेतीन वर्षं वाया गेली. परतल्यावर पायांत ती चपळाई राहिली नव्हती. मग ३० ऑक्टोबर १९७४ला किन्शासात तो दोरांना टेकून उभा राहिला, जॉर्ज फोरमनचे घणाघाती ठोसे दंडांवर झेलत राहिला आणि फोरमन दमल्यावर आठव्या फेरीत त्याला आडवं केलं. हरलेला फोरमनही बदलला. दहा वर्षं धर्मोपदेश करून १९८७ला तो रिंगणात परतला, ते संथपणे, हातांची आडवी ढाल धरून, वाट पाहत लढणारा होऊन. १९९४ला पंचेचाळिसाव्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला, किन्शासात घातलेलीच लाल चड्डी घालून.

आपल्याकडे हे खाशाबा जाधवांनी केलं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडलेला. मातीत चितपट झाल्याशिवाय कुस्ती सुटत नाही. समोरच्याला जोखायला, दमवायला सवड असते. गादीवर घड्याळ धावतं, गुण मोजले जातात आणि कपडा धरता येत नाही. आमच्या तालमीत पहिल्यांदा गादी अंथरली, तेव्हाचा एक पोरगा मला अजून दिसतो. पटात शिरला खरा, पण हात सवयीने जोडीदाराचा जांघिया चाचपत राहिला. तेवढ्यात तोच खाली गेला. उठून आपल्या बोटांकडे बघत बसला.

खाशाबा १९४८ला लंडनला ५२ किलो गटात सहावे आले. तिथे प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीसाठी तयार केलं होतं. चार वर्षांनी हेलसिंकीत ते ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याची मान कवळून त्याला फेकण्याचा हा डाव मातीतलाच. आता तो घड्याळाच्या काट्यावर, बूट घातलेल्या पायांनी मारायचा होता. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी झालेली पैशांची ओढाताण आपण नेहमी सांगतो आणि ती सांगायलाच हवी. पण अंगात मुरलेली कुस्ती त्यांनी नव्याने बसवली, त्याचं मोल मला त्याहून कमी वाटत नाही.

महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असे सलग तीनदा विजेत्याची गदा खानदेशात घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडची पोरं सकाळी माती खणतात आणि संध्याकाळी बुटांच्या नाड्या बांधतात.