बुखाऱ्याच्या माणसांची पाणचक्की

पाणचक्की बघायला येणारा माणूस बहुतेक वेळा बीबी का मकबरा उरकून आलेला असतो. तिकीट काढायचं, उंच भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी बघायचं, मुलांना मासे दाखवायचे, चक्कीच्या खोलीत डोकावायचं आणि वेरूळच्या गाडीत बसायचं, असा एकूण कार्यक्रम. आवारात बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, मशीद आहे, राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालयही आहे. पण नाव लक्षात राहतं ते यंत्राचं. हे यंत्र मात्र एका लंगरखान्याच्या सोयीसाठी उभं राहिलं होतं, आणि तो लंगरखाना चालवणारे लोक आले होते मध्य आशियातल्या बुखाऱ्याकडून. छत्रपती संभाजीनगरच्या या चक्कीचा इतिहास म्हणजे मुळात स्थलांतरितांचा इतिहास आहे.

आधी यंत्र पाहू. पाणचक्की खाम नदीच्या काठी, महेमूद दरवाजाला लागून आहे. ती नदीच्या पाण्यावर मात्र चालत नाही. खाम पावसाळ्यात धावते आणि उन्हाळ्यात आटते. तिच्या भरवशावर कुणी दळण टाकलं नसतं. शहराच्या उत्तरेच्या डोंगरात पावसाचं पाणी काळ्या दगडाच्या भेगांतून मुरतं. ते जमिनीखालीच गाठून खापरी नळांतून काही किलोमीटर आणलं आहे. वाटेत ठिकठिकाणी मनोरे आहेत. त्यांत पाणी वर चढतं, नळात कोंडलेली हवा सुटते आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढे निघतं. शेवटच्या उंच भिंतीपर्यंत ते आपल्याच दाबाने पोचतं.

चक्कीची करामत तिच्या साधेपणात आहे. पाण्याची धार खालच्या आडव्या चाकाच्या लोखंडी पात्यांवर आदळते. चाकाचा कणा उभा वर येऊन थेट वरच्या तळीला जोडलेला. मध्ये दात्यांची चक्रं नाहीत, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. खालची तळी जागेवर स्थिर. बाहेरच्या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. एवढं पाणी खांबांवर तोलून धरल्यामुळे ऐन मे महिन्यात त्या दालनात गारवा असतो. वाटसरू तिथेच टेकत.

अशा आडव्या चाकाच्या चक्क्या हिमालयात घराट म्हणून आजही दिसतात, मध्य आशियात तर त्या सर्रास होत्या. आपल्या पठारावर घरोघरी पहाटेचं दळण जात्यावर व्हायचं, ते बायांच्या हातांनी. फकीर, यात्रेकरू आणि शिपाई यांच्या रोजच्या पंगतीचं पीठ जात्यावर निघणं अवघड होतं. डोंगरातून पाणी आणण्याची विद्या शहरात आधीपासून होती. १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरने नहर-ए-अंबरी बांधून घेतली होती. तोही इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला माणूस. नहरीची विद्या इथली आणि चक्कीची सवय तिकडची, असा हा मेळ दिसतो.

हे तिकडचे लोक इथे आले कशाला? औरंगजेब १६८२ मध्ये दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत परत गेला नाही. पंचवीस वर्षांची लढाई म्हणजे पंचवीस वर्षांची नोकरभरती. बुखारा-समरकंदकडच्या घोडेस्वारांना, म्हणजे तुराणी लोकांना, मुघल लष्करात मान होता. त्यांच्यातलं एक घराणं आपल्याला चांगलं ठाऊक आहे. समरकंदकडून आलेला ख्वाजा आबिद १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेला. त्याचा मुलगा गाजीउद्दीनखान फिरोजजंग, आणि नातू म्हणजे १७२८ मध्ये पालखेडला थोरल्या बाजीरावाने कोंडीत पकडलेला निजामुल्मुल्क. हैदराबादचं आसफजाही राज्य हे असं तीन पिढ्यांच्या स्थलांतरातून उभं राहिलं.

सरदारांची नावं बखरींत आणि तवारिखांत येतात. त्यांच्या मागून आलेल्या साध्या माणसांची नावं कुठे सापडायची? इथेच पाणचक्कीचं दुसरं वैभव कामी येतं, ते म्हणजे एक फारसी पुस्तक. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावातून नक्शबंदी या सूफी पंथाचे दोन फकीर दख्खनेत आले. बाबा पलंगपोश फिरोजजंगाच्या लष्कराबरोबर फिरत. लढाईत ते फौजेच्या पुढे बाण सोडत जाताना दिसत, अशी श्रद्धा होती. त्यांचे शिष्य बाबा मुसाफिर यांनी शहरात महेमूद दरवाजाजवळ तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, थाटला. गुरू छावणीत, शिष्य शहरात, अशी वाटणीच झाली. पलंगपोश १६९९ मध्ये वारले, मुसाफिर १७१५ मध्ये. दोघांच्या कबरी याच आवारात आहेत. मुसाफिरांचे वारस बाबा महमूद यांनी दोघांच्या आठवणी ‘मलफुजात-ए-नक्शबंदिया’ या नावाने लिहून ठेवल्या. ते हस्तलिखित हैदराबादेत १९३९-४०च्या सुमारास छापलं गेलं.

पुस्तक संतचरित्राचं, म्हणून चमत्कार आहेतच. पण त्या चमत्कारांच्या आसपास माणसांची गर्दी आहे: नोकरीच्या शोधात आलेला शिपाई, हजला निघालेला म्हातारा, पैसे संपलेला प्रवासी. परक्या मुलखात त्यांना आधी लागायचं ते जेवण, पाठ टेकायला जागा आणि ओळखीचा शब्द टाकणारं कुणी. तकिया हे तिन्ही देत असे. ज्या तुराणी सरदाराकडे नोकरी मिळायची, तोच बहुधा तकियाचा भक्त आणि देणगीदार.

हे सगळं बारकाईने वाचलं ते सायमन डिग्बी या अभ्यासकाने. १९३२ मध्ये जबलपूरला जन्मलेला आणि २०१० मध्ये दिल्लीत वारलेला हा इंग्रज. त्याने ‘मलफुजात’चा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे नाइल ग्रीन यांनी २००६च्या ग्रंथात औरंगाबादच्या, म्हणजे याच शहराच्या, दर्ग्यांचा पुढच्या काळापर्यंत मागोवा घेतला. या अभ्यासाचा एक फायदा असा की रूढ माहिती तपासता येते. पाणचक्की १६९५च्या सुमारास निजामुल्मुल्क आसफजाहाचा सरदार तुर्कताजखान याने बांधली, असं वाक्य गॅझेटियरपासून पुढे सगळीकडे उतरलेलं आहे. पण ‘आसफजाह’ हा किताबच १७२५चा. १६९५ मध्ये निजामुल्मुल्क जेमतेम चोविशीतला होता. तुर्कताजखानाचा हातभार आणि आजचा दगडी पसारा बाबा महमूद यांच्या काळात, १८व्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवला की हिशेब जुळतो. हौद आणि कारंजी जमील बेगखानाने घातली, असं सांगतात.

स्थलांतरितांच्या ओळखीचा असा अभ्यास जगभर चालतो. कॅनडात जर्मन वस्तीचं बर्लिन नावाचं शहर होतं. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, त्याचं किचनर झालं. शेजारच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जर्मन अभ्यास केंद्राने तिथल्या जर्मन कुटुंबांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. प्रश्न तोच असतो: घरातली भाषा बदलली, गावाचं नाव बदललं, तरी माणूस स्वतःला कुठला म्हणवतो आणि इथला कधी होतो?

पाणचक्कीपुरतं उत्तर देता येतं. तिकडून नवी माणसं येत होती तोवर तकिया बुखाऱ्याचा होता. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, पुढे काबूल अफगाण राज्यात गेलं आणि वाट अवघड झाली. १७६३च्या सुमारास निजामाची राजधानी हैदराबादला हलली, तशा नोकऱ्याही हलल्या. नवा मुसाफिर येईना, तेव्हा जुने इथलेच होऊन गेले. आज दर्ग्यावर चादर चढवणारा माणूस याच शहरातला आणि आसपासच्या गावांतला असतो. त्याला गिज्दुवान ठाऊक नसतं, आणि त्याचं काही अडतही नाही.

अडतं ते बघायला येणाऱ्यांचं. चक्की कशी फिरते हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिचं पीठ कुणाच्या ताटात पडत होतं, हे कुणी सांगत नाही. ‘मलफुजात’चा मराठी अनुवाद व्हायला हवा. पाणचक्कीपासून हाकेच्या अंतरावर एक अख्खं विद्यापीठ आहे. हे काम त्याने अंगावर घेतलं, तर या शहराच्या इतिहासात लष्करांच्या जोडीला लंगरातली माणसंही दिसू लागतील.