लाख किलोमीटर धावलेली गाडी आणि विसरलेले ब्रेक ऑईल

शीळफाट्यावर कल्याण-डोंबिवलीचा, मुंब्र्याचा, महाप्याचा आणि पनवेलचा रस्ता एकत्र येतो. भिवंडीचा माल न्हावाशेवा बंदराकडे जायचा असो की नवी मुंबईतील गिऱ्हाइकाकडे, बहुतेक गाड्या इथूनच जातात. कंटेनर आणि ट्रकच्या रांगेत आपल्या व्यापारी बांधवांच्या मोटारीही तासन् तास हळूहळू पुढे सरकत असतात. यातल्या पुष्कळ गाड्या सेकंडहँड असतात. मीटरवर लाख-सव्वालाख किलोमीटर झालेले असतात आणि मागच्या सीटवर कापडाचे तागे भरलेले असतात. अशा गाडीचे इंजिन ऑईल मालक वेळेवर बदलतो, कारण इंजिन खराब झाले तर खर्च किती येतो हे त्याला ठाऊक असते. ब्रेक ऑईल मात्र घेतल्यापासून एकदाही बदललेले नसते. ही गफलत महागात पडू शकते.

ब्रेक ऑईल काय काम करते?

आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील ऑईल दाबले जाते आणि तोच दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव पदार्थ दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर पुरेपूर चाकापर्यंत जातो. हवा किंवा वाफ मात्र दाबली की आकसते. नळीत ती शिरली तर पेडल स्पंजासारखे मऊ लागते, खाली जाते, पण गाडी थांबत नाही.

आता मुख्य गोष्ट. सुती कापडाचा तागा पावसाळ्यात उघडा राहिला तर तो ओल धरतो, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. नेहमीच्या डॉट 3 आणि डॉट 4 ब्रेक ऑईलचाही तोच स्वभाव आहे. रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून ते हवेतील ओल थोडी थोडी शोषत राहते. गाडी चालो अथवा उभी राहो, हे काम थांबत नाही. म्हणून या ऑईलचे वय केवळ किलोमीटरवर मोजता येत नाही, महिन्यांवरही मोजावे लागते. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे अधिकच लक्षात ठेवावे.

ओल शिरली की ऑईल कमी उष्णतेला उकळते. ठरलेल्या मानकाप्रमाणे ताजे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. त्यात 3.7 टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155 असे आहेत. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालवताना हा फरक कळत नाही. पण माल भरलेली गाडी मुंब्रा बायपासच्या उतारावर, किंवा खंडाळा-माळशेजचा घाट उतरताना, वारंवार ब्रेक मारीत आली की डिस्क तापते, ती उष्णता ऑईलपर्यंत जाते आणि ऑईल उकळून वाफ होते. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच क्षणी तो दगा देतो. थोड्या वेळाने थंड झाल्यावर ब्रेक पुन्हा लागू लागतो आणि मिस्त्रीला काहीच दोष सापडत नाही.

पाण्यामुळे आतून गंजही चढतो. मास्टर सिलिंडर, चाकाकडील सिलिंडर आणि कॅलिपर खराब होतात. एबीएस असलेल्या गाडीत हेच ऑईल त्या महागड्या युनिटमधूनही फिरते, हे ध्यानात घ्यावे.

कधी आणि कसे बदलावे?

गाडीच्या पुस्तिकेतील मुदत पाहावी. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांची किंवा सुमारे 40 हजार किलोमीटरची मुदत असते, जे आधी होईल ते. सेकंडहँड गाडी घेतली आणि मागचा हिशेब मिळत नसेल, तर ऑईल लगेच बदलून घ्यावे. खर्च साधारणतः इंजिन ऑईल बदलण्यापेक्षा कमीच येतो.

कोणते ऑईल घालायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. डॉट 5 हे सिलिकॉनचे, अगदी वेगळे ऑईल आहे. ते डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळू नये. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑईल तर चुकूनही टाकू नये, सगळे रबर फुगून निकामी होते. डबा सीलबंद असावा. महिनोन् महिने उघडा पडलेला डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. काढलेले ऑईल परत वापरू नये. रंगावर सांडले तर ताबडतोब पाण्याने धुवावे.

मिस्त्रीला एक सूचना जरूर द्यावी. जुन्या गाडीची हवा काढताना पेडल पार तळापर्यंत मारू नये. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबरी वायसर कधी पोहोचलेले नसते तिथे गंज साचलेला असतो, त्यावर घासून वायसर फाटते.

टाकीतील ऑईल कमी झाले तर नुसती भर घालून मोकळे होऊ नये. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे. पॅडचा थर सुमारे 3 मिलिमीटरवर आला की जोडीने बदलावेत. पण पातळी झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

मालकाने स्वतः करायच्या तपासण्या

1. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे.

2. पेडल घट्ट दाबून धरावे. ते सावकाश खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडर आतून सोडतो आहे किंवा बाहेर गळती आहे.

3. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल, पेडल थरथरत असेल किंवा चर्र आवाज येत असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे.

4. खोल पाण्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक मारून लायनर सुकवावेत.

पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून बंद करण्याची सवय काहींना आहे. ती सोडावी. इंजिन बंद झाले की दोन-तीन ब्रेकनंतर बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखे कडक होते. ज्या गिअरमध्ये चढावे, त्याच गिअरमध्ये उतरावे.

कूलंटचेही असेच आहे. नळाचे पाणी ओतत राहिल्यास रेडिएटरमध्ये क्षार साचतात. पुस्तिकेतील कूलंट मुदतीत बदलावे, आणि गरम इंजिनचे झाकण उघडू नये. गिअर ऑईल लाख किलोमीटरच्या गाडीत एकदा तपासून घ्यावे.

टेम्पो आणि टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणीला जावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पहिली 15 वर्षे चालते आणि त्या काळात तिला अशी तपासणी नसते. पीयूसीमध्ये धूर पाहतात, ब्रेक पाहत नाहीत. म्हणजे आपल्या ब्रेकची खातरजमा करणारा आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही. दुकानाच्या खातेवहीत एक पान गाडीच्या नावाने ठेवावे. ब्रेक ऑईल, पॅड आणि कूलंट कधी बदलले त्याची तारीख व किलोमीटर त्यावर लिहावे. पावसाळ्याआधी ते पान उघडून पाहावे, आणि ब्रेक ऑईलची नोंद दोन वर्षांपूर्वीची असेल तर गाडी त्याच दिवशी गॅरेजमध्ये न्यावी.