मनोभावे सेवेचे गुण किती?

समाजसेवा हा आपल्याकडे फार सोज्वळ शब्द आहे. तो उच्चारला की खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम पिशवी आणि घरखर्च बायकोच्या नोकरीवर सोपवून मोकळा झालेला एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. पगार, बढती, ग्रॅच्युइटी हे शब्द त्याच्या आसपास शोभत नाहीत, अशी आपली समजूत. त्यामुळे ऑस्ट्रेलिया डॉक्टर, इंजिनिअर, सुतार, प्लंबर यांच्याबरोबर समाजकार्यकर्त्यालाही ‘कुशल’ म्हणून कायम वास्तव्याचा व्हिसा देऊ करतो, हे ऐकून आमच्या घरात सगळ्यांनाच नवल वाटले. ‘तिकडे कुठे गरिबी आहे?’ असे माझ्या मेहुण्यांनी विचारलेसुद्धा.

प्रश्न त्यांच्याच मुलीचा होता. माझी ही भाची एकतीस वर्षांची. समाजकार्यात एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून आठ वर्षे ती घरातून पळून रेल्वे स्टेशनांवर आलेल्या मुलांसाठी काम करते. मुलाशी बोलायचे, त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचे, घर शोधायचे आणि त्या घरी परत पाठवणे सुरक्षित आहे का हेही पाहायचे, असे तिचे काम. एक दिवस जाडजूड फाईल पुढ्यात ठेवून ती म्हणाली, “मामा, तू जन्मभर लोकांची कागदपत्रं तपासलीस. आता माझी तपास.”

कर्जाचे अर्ज वाचण्यात माझी उमर गेली. पण हा अर्ज निराळा होता. त्यात आधी ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स ही तिथली व्यावसायिक संघटना तुमची पदवी त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे का, ते ठरवते. इंग्रजीच्या आयएल्ट्स परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारही अंगांत किमान ७ लागतात. पुढे सरकारची गुणपद्धती. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण, पंचेचाळिशी गाठली की दार बंद. शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण वेगळे. सगळे मिळून किमान ६५ हवेत, आणि तेवढे असले म्हणजे बोलावणे येईलच असेही नाही.

पदवीच्या बाबतीत अडचण नव्हती. समाजकार्याचे शिक्षण आपल्याकडे काल-परवाचे नाही. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत सुरू झाली ती १९३६ साली. हरवलेल्या मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही १९९६ साली याच संस्थेचा प्रकल्प म्हणून जन्मला. भाचीच्या कॉलेजात आठवड्याचे दोन दिवस वस्तीत किंवा इस्पितळात जाऊन काम करावे लागे. त्या क्षेत्रकार्याची, मार्गदर्शकांच्या सह्या असलेली दैनंदिनी तिने जपून ठेवली होती. तिकडच्या पदवीत असे सुमारे १००० तास लागतात. एका संध्याकाळी आम्ही दोघांनी तिचे तास मांडले आणि बेरीज जुळली.

गाडी अडली ती अनुभवापाशी. तिची पहिली तीन वर्षे एका लहानशा संस्थेत गेली. परदेशी देणगी थांबली, प्रकल्प संपला आणि संस्थेला टाळे लागले. जाताना हातात एक पत्र मिळाले होते. त्यात लिहिले होते, ‘मासिक मानधनावर यांनी मनोभावे सेवा केली.’ वाक्य सुंदर. पण त्यात हुद्दा नाही, कामाचे तास नाहीत, आकडा नाही. ऑस्ट्रेलियाचा नियम असा, की अनुभव मोजायचा तर काम मोबदला घेऊन आणि आठवड्याला किमान २० तास केलेले हवे. ‘मानधन’ आणि ‘सेवा’ हे शब्द तिकडच्या अधिकाऱ्याने स्वयंसेवा म्हणून वाचले, तर ती तीन वर्षे गेली. आठ वर्षांच्या अनुभवाला १५ गुण, पाच वर्षांच्या अनुभवाला १०. मनोभावे सेवेला शून्य!

शेवटी माझा जुना धंदाच उपयोगी पडला. बँकेचे तीन वर्षांचे खातेउतारे काढले. दर महिन्याच्या सात-आठ तारखेला जमा झालेली ती चिमुकली रक्कम, शंभर सव्वाशे ओळींतून पेन्सिलीने खुणा करत शोधली. जुन्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडले. एवढ्या पगारावर मी कुणाला स्कूटरचे कर्जही दिले नसते, हे मात्र मी तिला बोललो नाही.

तिकडे सगळे आलबेल आहे, असा तिचाही समज नाही. आदिवासींची मुले ‘कल्याणा’च्या नावाखाली आईबापांपासून तोडण्याचे काम त्या देशाच्या सरकारांनी पिढ्यान्पिढ्या केले. पंतप्रधान केव्हिन रड यांनी २००८ च्या फेब्रुवारीत संसदेत त्याबद्दल माफी मागितली. आज तिथल्या समाजकार्याच्या शिक्षणात हा विषय सक्तीचा आहे. भाची ते सगळे वाचून काढते आहे. एकदा म्हणाली, “मामा, मूल घरी पाठवावं की पाठवू नये, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. पण तो प्रश्न कठीण आहे, एवढं तरी ते मानतात.”

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. डॉक्टर परदेशी निघाला की आपण देशाचे किती पैसे वाया गेले याचा हिशेब मांडतो. ही मुलगी निघाली तर तसा हिशेब कोणी मांडणार नाही. तिच्या हातात काय कौशल्य आहे, हेच आपण कधी विचारले नाही. फलाटावर गप्प बसलेले पोर दोन तासांनी आपल्या गावाचे नाव सांगते, ते कुणाच्या निव्वळ चांगुलपणामुळे नव्हे. त्यामागे शिक्षण असते आणि पुष्कळ सराव असतो. ते हुन्नर आपण सेवेत जमा केले आणि त्याचा मोबदला ‘मानधन’ म्हणून उरकला. मान आपला आपण दिला, धन मात्र राहून गेले.

तिने जावे की राहावे, हे मी सांगणार नाही. तिची आई रोज नवे मत देते, तेवढे पुरे आहे. अर्ज गेला आहे, उत्तर यायचे आहे. तिच्या जागेसाठी संस्थेने मात्र आतापासूनच जाहिरात तयार ठेवली आहे. एम. एस. डब्ल्यू. हवे, अनुभव हवा, रात्री-अपरात्री यायची तयारी हवी. शेवटची ओळ अशी : ‘योग्य ते मानधन दिले जाईल.’