सीएनसी प्रोग्रामर नेमकं काय करतो?

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कोल्हापूरजवळचं शिरोली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही एमआयडीसीत गाळ्यागाळ्यांतून सीएनसी मशिनं चालताना दिसतात. त्यांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाबद्दल मात्र दोन टोकांच्या समजुती आहेत. घरच्यांना वाटतं, पोरगा कॉम्प्युटरवर बसतो, म्हणजे हात काळे होण्यातून सुटला. कॉम्प्युटरवाल्यांना वाटतं, हे नुसतं बटणं दाबण्याचं काम. दोघांनाही त्याचं खरं काम माहीत नाही. दुर्दैवानं कित्येक मालकांनाही ते पुरतं माहीत नसतं, आणि त्याचा त्रास प्रोग्रामर रोज भोगतो.

पहिला गैरसमज नावातूनच येतो: प्रोग्रामर म्हणजे कोडिंग करणारा. सीएनसीची भाषा तशी लहान आहे. जी०० म्हणजे टूल पूर्ण वेगानं हलवा, जी०१ म्हणजे दिलेल्या फीडनं कापत जा, जी०२ आणि जी०३ म्हणजे गोलाई, एम०३ म्हणजे स्पिंडल फिरवा. रोजच्या वापरातले कोड मोजकेच असतात आणि हुशार पोरगा ते थोड्या आठवड्यांत शिकतो. शिकायला वर्षं लागतात ती धातूची वागणूक आणि जॉब धरण्याची पद्धत.

बारीक भिंतीच्या रिंगचंच उदाहरण घ्या. आतला बोअर करायचा आहे. रिंग तीन जॉच्या चकात घट्ट धरली की तिन्ही ठिकाणी ती किंचित आत दबते. टूल आतून अगदी गोल बोअर करतं. चक उघडला की दबलेली भिंत परत फुलते आणि गोल बोअर तीन पाकळ्यांचा होतो. गंमत अशी की दोन टोकांनी मोजणारा बोअर गेज कसाही फिरवला तरी जवळपास तेच माप दाखवतो, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर नेमका दुसऱ्या बाजूचा खोलगटपणा येतो. माप ओके, पण ग्राहकाकडे बेअरिंग बसत नाही. अनुभवी प्रोग्रामर ड्रॉइंग हातात घेतल्याबरोबर हे ओळखतो. तो सॉफ्ट जॉ मागवतो, ते त्याच मशीनवर रिंगच्या बाहेरच्या व्यासाला बोअर करून घेतो, म्हणजे पकड तीन ठिकाणांऐवजी पूर्ण घेरावर पसरते. फिनिशिंग कटच्या आधी चकाचा दाब कमी करतो. यातली एकही गोष्ट जी कोडच्या पुस्तकात सापडत नाही.

स्पीड आणि फीडचंही तसंच. हिशेब शाळकरी आहे: कटिंग स्पीड गुणिले १००० भागिले पाय गुणिले व्यास. १० मिलिमीटरच्या एंड मिलला मिनिटाला १२० मीटर कटिंग स्पीड हवा असेल, तर स्पिंडल साधारण ३,८२० आरपीएमवर फिरवायला हवा. पण स्टेनलेस स्टील समोर आलं की नवखा माणूस टूल वाचवायला फीड कमी करतो. तिथेच फसतो. टूल कापण्याऐवजी घासतं, घासल्यानं पृष्ठभाग आणखी कडक होतो आणि पुढची धार तिथेच बसते. कास्टिंगचा पहिला कट वरच्या कडक, वाळू चिकटलेल्या कातडीच्या खालून घ्यावा लागतो. अर्धा मिलिमीटर घेऊन बघू म्हटलं, तर इन्सर्ट त्या कातडीतच संपतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणारा माल ज्यांनी मशीन केला आहे, त्यांना हे सांगावं लागत नाही.

“आता सगळं सॉफ्टवेअरच करतं” हा त्यामानानं नवा गैरसमज. कॅम सॉफ्टवेअरनं मोठा भार उचलला आहे, हे खरंच. डायच्या वळणदार पृष्ठभागाचा हजारो ओळींचा प्रोग्राम हातानं लिहिणं आज कुणी मनातही आणणार नाही. पण सॉफ्टवेअरला तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. क्लॅम्प कुठे लावला, व्हाइसचा जबडा किती वर आला, टूल होल्डरमधून किती बाहेर काढलं, हे कुणीतरी आधी भरावं लागतं. शिवाय प्रत्येक मशीनला तिच्या कंट्रोलच्या बोलीत प्रोग्राम काढून देणारा पोस्ट प्रोसेसर लागतो. तो नीट नसेल तर स्क्रीनवर सुंदर दिसणारा प्रोग्राम मशीनवर गेल्यावर वेगळंच करतो. आणि टर्निंगची कामं करणाऱ्या छोट्या गाळ्यांत आजही प्रोग्राम मशीनपाशी उभं राहून, कंट्रोलवरच टाइप होतो.

प्रोग्रामर दिवसभर एसी केबिनमध्ये बसतो, असंही म्हणतात. मोठ्या कंपन्यांत काही जण बसतातही. पण पहिला पीस निघायच्या वेळी तो मशीनसमोरच असतो. रॅपिड २५ टक्क्यांवर, सिंगल ब्लॉक चालू, एक बोट फीड होल्डवर आणि नजर स्क्रीनवरच्या ‘अजून किती अंतर जायचं’ या आकड्यावर. इतकी भीती कशाची? फानुकच्या बऱ्याच कंट्रोलवर, सेटिंग तसं असेल तर, दशांश टिंब नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो. ‘झेड ५०.’ लिहिलं तर टूल जॉबच्या ५० मिलिमीटर वर जातं. टिंब राहिलं तर ०.०५ मिलिमीटर वर. पुढची ओळ आडवी रॅपिड असेल, तर टूल जॉबला जवळजवळ चिकटूनच क्लॅम्पकडे निघतं. मिनिटाला ३० मीटर रॅपिड म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. एवढ्या वेळात माणसाचा हात बटणापर्यंत पोहोचत नाही. मग स्पिंडलचं बेअरिंग, बंद पडलेलं मशीन आणि अडकलेली डिस्पॅच. सगळं एका टिंबापायी.

मशीन ठोकलं की बोट प्रोग्रामरकडे जातं, ते त्यामुळेच. पण कारणं बघायला गेलं तर प्रोग्राम कित्येकदा बरोबर असतो. पाच नंबरचं टूल लावून ऑफसेट सहाचा उचलला जातो. शिफ्ट बदलताना वर्क झिरो पुन्हा घेतलेला नसतो. जॉब व्हाइसमध्ये नीट टेकलेला नसतो, किंवा थांबलेला प्रोग्राम मधूनच सुरू केला जातो आणि त्याआधीच्या ओळींतला टूलचा ऑफसेट वाचलाच जात नाही. आदल्या शिफ्टच्या सेटरनं काय बदललं, हे कागदावर लिहिलेलं असेल तर यातल्या बऱ्याच गोष्टी टळतात. दोष द्यायच्या आधी सेटिंग शीट मागावी, असं मला मनापासून वाटतं.

एकदा सेटिंग झालं की हजार पीस सारखेच निघतात, हाही भ्रम. इन्सर्टची धार झिजते तसा शाफ्टचा व्यास वाढत जातो. २५ मिलिमीटरच्या एच-६ शाफ्टला एकूण सूट १३ मायक्रॉनची. म्हणून ठरावीक पिसांनंतर मोजायचं आणि वेअर ऑफसेटमध्ये दोन-तीन मायक्रॉनची दुरुस्ती द्यायची. त्यात उन्हाळ्याची भर. मापाचं प्रमाणित तापमान २० अंश सेल्सिअस. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली जॉब ३८ अंशांवर असेल, तर १०० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा बोअर नुसत्या उष्णतेनं सुमारे ४१ मायक्रॉन मोठा दिसतो. त्या बोअरची एच-७ ची पूर्ण सूट ३५ मायक्रॉन. शॉपमध्ये पास झालेला पीस क्वालिटी रूममध्ये रिजेक्ट होतो, आणि दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या जागी बरोबर असतात. हे समजावून सांगायचं काम पुन्हा प्रोग्रामरचं.

“सीएनसी आली आणि कारागीर संपला” या समजुतीमागे इतिहास आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती बनवण्याच्या गरजेतून आकड्यांनी चालणाऱ्या मशीनच्या कल्पनेपर्यंत पोहोचले. १९५२ मध्ये एमआयटीत पंच टेपवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं. त्याच काळात दुसरी एक पद्धतही होती: कुशल कारागिराच्या हाताच्या हालचाली टेपवर नोंदवायच्या आणि मशीनला त्या पुन्हा करायला लावायच्या. ती मागे पडली. मशीनवरचा ताबा कारागिराकडून ऑफिसकडे नेण्याची इच्छा हे त्यामागचं मोठं कारण होतं, असं इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं. डोकं ऑफिसात, हात मशीनवर, अशी वाटणी त्यात अभिप्रेत होती.

आपल्याकडच्या छोट्या गाळ्यांत ती वाटणी टिकली नाही. एकच माणूस ड्रॉइंग वाचतो, प्रोग्राम लिहितो, सेटिंग करतो आणि पहिला पीस मोजतो. चांगलं काम तिथेच होतं, जिथे प्रोग्राम लिहिणाऱ्याला चिपचा रंग आणि कटचा आवाज कळतो. म्हणून आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन आलेली मुलं या कामात तरबेज होतात. त्यासाठी पदवी लागतेच असं नाही. टेपरचा कोन काढायला टॅन वापरता आलं पाहिजे आणि ड्रॉइंग वाचताना घाई नको. हे शिकायला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्था आहेतच.

या माणसाचा खरा वेळ मात्र कुठे नोंदला जात नाही. दहा हजार पिसांच्या ऑर्डरमध्ये त्यानं प्रत्येक पिसामागे २० सेकंद वाचवले, तर मशीनचे ५५ तासांहून जास्त वाचतात. ते मालकाच्या हिशेबात दिसतात. सॉफ्ट जॉ बोअर करण्यात आणि पहिला पीस जपून काढण्यात गेलेली सकाळ मात्र ‘मशीन बंद होतं’ म्हणून लिहिली जाते. जॉबवर्क घेणाऱ्या मालकांना एवढीच विनंती: कोटेशनमध्ये प्रोग्रामिंग आणि पहिल्या पिसाच्या प्रूव्हिंगचे तास स्वतंत्र ओळीत लिहा आणि ग्राहकाकडून ते पैसे मागा. आणि या क्षेत्रात येणाऱ्या मुलांनो, मुलाखतीत पगाराआधी एक विचारा: इथे पहिला पीस कोण काढतं, आणि त्याला वेळ किती देतात?