नॉरफोकचे पक्षी – लेखांक ४ : हिवाळ्याची भरती

मागच्या लेखात आपण ब्लेकनी पॉइंटच्या वाळूवर सुरयांना निरोप दिला. गावातल्या जुन्या छपरांखालच्या पाकोळ्या त्याआधीच आफ्रिकेकडे निघून गेल्या होत्या. उन्हाळी पाहुणे गेले की पक्ष्यांचं वर्ष आटोपलं, असं कुणालाही वाटेल. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या काउंटीत मात्र खरी वर्दळ त्यानंतर सुरू होते.

डिसेंबरात इथला दिवस आठ तासांचाही नसतो. उत्तर समुद्रावरून येणारा वारा अंगाला झोंबतो. तरीही उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातून येणाऱ्या पक्ष्याला ही ऊबदार जागा आहे. त्याच्या घरची जमीन दगडासारखी गोठलेली असते, आणि इथला चिखल दिवसातून दोनदा समुद्राच्या पाण्याने भिजून मऊ राहतो. त्या चिखलात शिंपल्या, किडे, गोगलगाई असं खाणं खच्चून भरलेलं असतं.

या चिखलाचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे वॉश. नॉरफोक आणि लिंकनशर यांच्या मधोमध आत घुसलेला हा चौकोनी उथळ उपसागर. हिवाळ्यात इथे तीन लाखांहून अधिक पाणपक्षी उतरतात. त्यांतला नॉट नावाचा पक्षी तर पाहतच राहावा असा. ग्रीनलंड आणि कॅनडाच्या ध्रुवीय बेटांवर तो अंडी घालतो. आकाराने साळुंकीपेक्षा थोडा मोठा, रंगाने हिवाळ्यात राखाडी. एकटा दिसला तर कुणी वळून बघणार नाही. पण नॉट एकटा राहतच नाही.

त्याची चोच हे एक नाजूक यंत्र आहे. ओल्या वाळूत चोच खुपसली की वाळूच्या कणांमधल्या पाण्यावर दाब येतो. जवळ शिंपली दडलेली असेल तर त्या दाबात फरक पडतो, आणि चोचीच्या टोकाशी असलेल्या संवेदनपेशी तो नेमका टिपतात. शिंपली न दिसताच सापडते. ती तो अख्खी गिळतो आणि पोटातल्या बळकट स्नायूंनी तिचा चुरा करतो. वाळू कोरडी असेल तर मात्र ही विद्या चालत नाही. म्हणून नॉटचं सगळं आयुष्य पाण्याच्या कडेकडेने चालतं.

कोकणातल्या वाचकाला उधाण आणि भांग हे शब्द समजावून सांगायला नकोत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती जोराची असते, अष्टमीच्या आसपास मंद. वॉशच्या कडेला स्नेटिशम इथे हाच हिशेब पक्ष्यांच्या बाबतीत बघायला मिळतो. भांगाच्या दिवसांत चिखलाची थोडी पट्टी कोरडी राहते आणि पक्षी तिथेच दाटीवाटीने उभे राहतात. उधाणात तीही बुडते. मग हजारो नॉट एकदम उठतात. थवा वळला की पांढरा चमकतो, पुन्हा वळला की काळसर होतो, जणू आभाळात कुणी चादर झटकावी. किनाऱ्यावरच्या बांधाच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला, खडी काढून झालेली तळी आहेत. तिथल्या खडीच्या बेटांवर हे पक्षी इतके खेटून उतरतात की दगड कुठला आणि पक्षी कुठला ते कळत नाही. ओहोटी लागली की पुन्हा चिखलावर. झोप आणि भूक दोन्ही चंद्राच्या तालावर.

स्नेटिशमलाच दुसरी गर्दी असते ती गुलाबी पायांच्या कादंबांची. भिगवणला येणारे पट्टकादंब आपल्या ओळखीचे आहेत. त्यांचेच हे भाऊबंद. सप्टेंबरपासून ते आइसलँड आणि ग्रीनलंडहून येऊ लागतात. काही हिवाळ्यांत त्यांची नॉरफोकमधली संख्या लाखाच्या घरात गेली आहे. रात्री ते चिखलाच्या सपाटीवर किंवा पाणथळ कुरणात झोपतात, तिथे कोल्ह्याचं भय कमी. उजाडताना रांगांमागून रांगा करत, कलकलाट करत शेतांकडे निघतात.

त्यांना शेतात काय मिळतं, ही या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आपली साखर उसाची, तिकडची बिटाची. ब्रिटनमधला साखरबिटाचा उद्योग नॉरफोकमध्येच रुजला. कँटली इथला कारखाना १९१२ मध्ये सुरू झाला. बीट काढताना त्याचा पाला आणि शेंड्याचे तुकडे शेतातच पडून राहतात. कादंब त्यावर थंडी काढतात. पीक आधीच कारखान्याकडे गेलेलं असतं, त्यामुळे शेतकऱ्याचं काही बिघडत नाही. पण काढणीनंतर शेत लगेच नांगरलं, तर तो पाला मातीत जातो आणि भुकेले थवे शेजारच्या कोवळ्या गव्हात उतरतात. नांगर आठवडाभर थांबला तर गहू वाचतो आणि पक्षीही जगतात. कादंबांचा हिवाळा असा सूर्य आणि चंद्राइतकाच शेतकऱ्याच्या हातात आहे.

काउंटीच्या दक्षिण-पश्चिम सीमेवर वेल्नी हे ठिकाण आहे. सतराव्या शतकात दलदल उपसण्यासाठी इथे दोन समांतर कालवे खणले गेले. त्यांच्या मधला लांबलचक पट्टा हिवाळ्यात पुराचं पाणी साठवण्यासाठी मोकळा ठेवतात. पूर आला की तिथे हंस उतरतात. हूपर हंस आइसलँडचे, तर त्यांहून लहान ब्यूइक हंस रशियाच्या ध्रुवीय प्रदेशातले. ब्यूइक हंस आता कमी होत चालले आहेत. त्यांच्या एकूण संख्येतच घट झाली आहे. शिवाय युरोपातले हिवाळे सौम्य झाल्यामुळे बरेचसे हंस नेदरलँड्स आणि जर्मनीतच थांबतात, पुढे येत नाहीत. हवामान बदलतं तेव्हा पाहुण्यांची वाटही अशी आखडते.

क्ले गावाजवळच्या पाणथळीचा उल्लेख केल्याशिवाय हा ऋतू पुरा होत नाही. डॉक्टर सिडनी लाँग यांनी १९२६ मध्ये पुढाकार घेऊन ही जमीन पक्ष्यांसाठी विकत घेतली आणि तिच्या देखभालीसाठी न्यास उभा केला. एखाद्या काउंटीपुरता असा निसर्ग-न्यास ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच स्थापन झाला. पुढे इतर काउंट्यांनी तोच कित्ता गिरवला. १९५३ आणि २०१३ मध्ये समुद्र खवळून खारं पाणी क्लेच्या गोड्या पाणथळीत शिरलं. दोन्ही वेळा पाणथळ सावरली, पक्षी परतले. आज तिथे हिवाळ्यातल्या संध्याकाळी बोरूच्या बनावर दलदली भोवत्या तरंगताना दिसतो. महाराष्ट्रातल्या तलावांवर हा पक्षी थंडीपुरता येतो, नॉरफोकमध्ये मात्र बारा महिने असतो. १९७१ मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याची वीण करणारी एकच जोडी उरली होती, तीही शेजारच्या सफोकमध्ये. घातक कीटकनाशकांवर बंदी आली, पाणथळी राखल्या गेल्या, आणि तो परतला.

सूर्य कलतो, चंद्र पाणी ओढतो. त्यांत माणसाला काही करता येत नाही. पण बिटाचं शेत कधी नांगरायचं, पुराच्या पाण्याला जागा ठेवायची की नाही, एखादी पाणथळ कशासाठी विकत घ्यायची, हे माणूस ठरवतो. नॉरफोकचा गजबजलेला हिवाळा अशाच निर्णयांवर उभा आहे.

फेब्रुवारी सरता सरता कादंबांच्या रांगा उत्तरेकडे वळतील. त्याच सुमारास बोरूच्या बनातून रिकाम्या घागरीत फुंकर घालावी तसा एक घुमारा ऐकू येऊ लागेल. एके काळी ब्रिटनमधून नाहीशा झालेल्या आणि १९११ मध्ये नॉरफोकमध्येच पिल्लासह पुन्हा सापडलेल्या बिटर्न पक्ष्याची ती हाक. त्याची गोष्ट पुढच्या आठवड्यात.