पासवर्ड नेमका कोण मागतो?

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर चालणाऱ्या जुन्या डेटाबेसमध्ये हा प्रकार हमखास घडतो. कुणीतरी सुरक्षेच्या मेनूत जाऊन पासवर्ड ठेवतो आणि दुसऱ्या दिवसापासून नाव-पासवर्ड विचारणारी चौकट सगळ्यांच्या मागे लागते. फाइलला कुलूप बसलं, असं समजून लोक फाइलच दुरुस्त करायला घेतात. पण तिची नवी प्रत काढली तरी चौकट येते. त्याच संगणकावर रिकामा, नवाकोरा डेटाबेस उघडला तरी येते. म्हणजे प्रश्न विचारणारी यंत्रणा डेटाबेसच्या बाहेर आहे.

ॲक्सेसची पहिली आवृत्ती 1992 साली आली. तिच्या पोटातल्या 'जेट' इंजिनात वापरकर्त्यांची नावं, गट आणि पासवर्ड एका स्वतंत्र, छोट्या फाइलीत ठेवले जातात. पुढे तिचं ठरलेलं नाव 'सिस्टिम.एमडीडब्ल्यू' झालं. कोणत्या टेबलाला कुणी हात लावायचा, याच्या परवानग्या मात्र डेटाबेसमध्ये असतात. कोण आलं ते एक फाइल ओळखते, त्याला काय करू द्यायचं ते दुसरी ठरवते. संगणकाला पहिली फाइल एकदा जोडली, की तिथला प्रत्येक डेटाबेस तिच्यामार्फतच उघडतो. नव्या फाइललाही पासवर्ड का लागतो, ते यावरून कळतं.

याहून मोलाची गोष्ट अशी, की या पद्धतीत लॉगिन दर वेळी होतंच. ॲक्सेस सुरू होताना 'ॲडमिन' या नावाने, पासवर्ड कोरा ठेवून, स्वतःच आत जायचा प्रयत्न करतो. तो साधला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. फसला तरच चौकट दिसते. ॲडमिनला पासवर्ड दिला, की हा मूक प्रयत्न फसतो, एवढंच.

त्यामुळे उपायही सोपा आहे. आधी दोन्ही फाइलींचा बॅकअप घ्यावा. ॲडमिन म्हणून आत जाऊन वापरकर्ते आणि गटांच्या खात्यांची खिडकी उघडावी, लॉगिनचा पासवर्ड बदलायच्या पानावर जुना पासवर्ड लिहावा, नव्याच्या दोन्ही जागा कोऱ्या सोडाव्यात. ॲक्सेस बंद करून पुन्हा उघडला, की चौकट गेलेली असते. एकाच डेटाबेसला सुरक्षा हवी असेल आणि बाकीच्यांना नको, तर संगणक मूळच्या सिस्टिम फाइलला परत जोडावा आणि त्या एका डेटाबेससाठी '/डब्ल्यूआरकेजीआरपी' हा स्विच वापरणारा वेगळा शॉर्टकट करावा. माझ्या मते ही दुसरी वाट जास्त नेटकी. तिच्यात कुणाचंच काही मोडत नाही.

पासवर्ड काढल्याने सुरक्षा गेली का, ही भीती रास्त आहे. उत्तरासाठी प्रत्येक वापरकर्त्याला मिळणारा ओळख क्रमांक पाहावा लागतो. नवा वापरकर्ता तयार करताना त्याचं नाव आणि आपण दिलेला एक संकेत यांवरून तो बनतो. ॲडमिनचा क्रमांक मात्र जगातल्या प्रत्येक ॲक्सेसमध्ये तोच असतो. गावातल्या सगळ्या दारांना एकच किल्ली लागावी, तसं हे आहे. डेटाबेसची मालकी ॲडमिनकडेच असेल, तर ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर गेलेला माणूस काही न विचारता आत शिरतो. म्हणजे ती चौकट आपल्याच माणसांना अडवत होती, परक्याला नाही.

मात्र एखाद्या जाणकाराने मालकी दुसऱ्या खात्याकडे देऊन ॲडमिनचे अधिकार रीतसर काढले असतील, तर चित्र पालटतं. तिथे चौकट घालवली, की ॲक्सेस परवानगी नसल्याचं सांगून दार लावतो. अशा वेळी आधी अधिकार असलेल्या खात्याने आत जाऊन ॲडमिनला परवानग्या परत द्याव्या लागतात.

आणखी एक गोष्ट हमखास निसटते. कोणती नोंद कुणी केली, हे टिपण्यासाठी अनेक फॉर्ममध्ये 'करंटयूजर' हे फंक्शन वापरलेलं असतं. चौकट गेल्यावर सगळेच ॲडमिन होतात आणि प्रत्येक नोंदीवर तेच नाव पडत राहतं. पैशांचे किंवा रुग्णांचे तपशील असतील, तर हे नुकसान मोठं आहे. तिथे विंडोजमध्ये लॉगिन केलेल्याचं नाव नोंदवावं आणि डेटाबेस ठेवलेल्या फोल्डरची परवानगी गरजेच्या खात्यांपुरतीच ठेवावी.

मायक्रोसॉफ्टने 2007 साली 'एसीसीडीबी' हा नवा साचा आणला, त्यात वापरकर्त्यांची ही सगळी व्यवस्था वगळली. उरला तो संपूर्ण फाइलचा एकच पासवर्ड. तो ठेवला तर आतला मजकूर सांकेतिक रूपात साठतो, आणि फाइल कुठेही नेली तरी तो पासवर्ड तिच्यासोबत जातो.