सरकारी वकील ते खासदार : अॅड. उज्ज्वल निकम यांची वाटचाल आणि आपण

कोर्टाची पायरी चढताना गरिबाच्या छातीत धडधड होते. फिर्याद आपली, मेलेले माणूस आपले, पण खटला चालवणार सरकारी वकील. त्याने मनावर घेतले तर न्याय, नाहीतर तारखांवर तारखा. म्हणूनच असा एखादा सरकारी वकील मत मागायला आपल्या दारात येतो तेव्हा त्याचे काम नीट तपासून पाहणे हे जागरूक मतदाराचे कर्तव्य ठरते. महाराष्ट्रात असा प्रसंग २०२४ साली आला. अॅड. उज्ज्वल निकम लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले.

जळगाव ते मुंबई

निकम यांचा जन्म ३० मार्च १९५३ रोजी जळगावला झाला. वडीलही कायद्याच्या क्षेत्रातलेच. निकम यांनी विज्ञानाची पदवी घेतली, जळगावातच कायद्याचे शिक्षण पूर्ण केले आणि जिल्हा न्यायालयात सरकारी वकील म्हणून कामाला सुरुवात केली. खानदेशातला हा जिल्हा वकील देशाला माहीत झाला तो १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यामुळे. त्या स्फोटांत २५७ माणसे मेली. खटला वर्षानुवर्षे चालला आणि अखेर १०० आरोपी दोषी ठरले. पुढे २६/११ च्या हल्ल्यातील कसाबचा खटलाही त्यांच्याकडेच आला. ६ मे २०१० रोजी कसाबला फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. २०१६ साली निकम यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या कोल्हापूरकरांनी त्यांचे नाव त्याआधीच ऐकले होते. लहान मुले पळवून त्यांचे खून करणाऱ्या गावित बहिणींचा खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात त्यांनीच चालवला. २००१ साली दोघींना फाशीची शिक्षा झाली. त्या काळात आपल्या भागातल्या आया मुलांचा हात सोडत नसत. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली शिक्षा कायम केली. परंतु दयेच्या अर्जावर सरकारने इतका उशीर लावला की २०२२ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. वकील कोर्टात जिंकला तरी सरकारी दिरंगाई काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

खैरलांजीचा प्रश्न

आता आपल्या काळजातल्या जखमेकडे वळू. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात भोतमांगे कुटुंबातील सुरेखाताई, प्रियांका, रोशन आणि सुधीर या चौघांची हत्या झाली. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले. या खटल्यातही निकम विशेष सरकारी वकील होते. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने अकरापैकी आठ जणांना दोषी धरले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. परंतु अॅट्रॉसिटी कायद्याखाली एकालाही शिक्षा झाली नाही. हत्या जातीच्या द्वेषातून नव्हे तर सूडातून झाली, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. १४ जुलै २०१० रोजी नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी दिली. भैय्यालाल २० जानेवारी २०१७ रोजी गेले.

दोष कोणाचा? पोलिसांच्या तपासाचा, सरकारी पक्षाच्या मांडणीचा, की न्यायालयाच्या दृष्टीचा? यावर आपल्या समाजात पुष्कळ वाद झाला. आम्हांस एवढेच म्हणायचे आहे की फाशी मागणे आणि जातीचे विष कागदोपत्री सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने टाळ्या मिळतात, पण दुसरे झाले तरच कायदा टिकतो.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१६ च्या कोपर्डी प्रकरणात पीडित मुलगी मराठा समाजाची होती. तोही खटला निकम यांनी चालवला आणि २०१७ साली तिन्ही आरोपींना फाशी झाली. लेक कोणाचीही असो, दुःख सारखेच असते. आपल्याला एवढेच विचारायचे आहे की प्रत्येक लेकीसाठी तपास तितक्याच तत्परतेने होतो का?

मैदानात उतरल्यावर

भाजपने मुंबई उत्तर मध्य मतदारसंघात विद्यमान खासदार पूनम महाजन यांच्या जागी निकम यांना उमेदवारी दिली. समोर काँग्रेसच्या वर्षा गायकवाड होत्या. बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात प्राध्यापकी केलेल्या आणि धारावीतून चार वेळा आमदार झालेल्या. मतदान २० मे २०२४ रोजी झाले. ४ जूनला निकाल लागला तेव्हा गायकवाड यांना ४,४५,५४५ आणि निकम यांना ४,२९,०३१ मते पडली होती. अवघ्या १६,५१४ मतांनी नामवंत वकील हरले.

प्रचारात त्यांचे जुने बोलणेही निघाले. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली, ही गोष्ट आपण रचली होती, असे त्यांनी स्वतःच २०१५ साली जयपूरला सांगितले होते. लोकांची सहानुभूती आरोपीकडे झुकू नये म्हणून तसे केले, असा त्यांचा खुलासा. आमच्या मते सरकारी वकिलाच्या तोंडी असे शोभत नाही. तो सरकार पक्षाचा वकील असला तरी सत्याचाही वकील असतो.

निवडणुकीसाठी त्यांनी खटले सोडले होते. निकालानंतर थोड्याच दिवसांत राज्य सरकारने त्यांना पुन्हा नेमले आणि विरोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. हरणे हा गुन्हा नव्हे. १९५२ साली मुंबईत खुद्द बाबासाहेबांनाही पराभव पाहावा लागला होता. पण काल ज्याने पक्षाच्या चिन्हावर मत मागितले, त्याने आज सरकारी वकील म्हणून उभे राहावे का, याचा विचार सर्वच पक्षांनी केला पाहिजे.

आपण काय शिकायचे?

बंधू-भगिनींनो, सरकारी वकिलाच्या भरवशावर डोळे मिटून बसू नका. अॅट्रॉसिटीच्या नियमांत १९९५ पासून तरतूद आहे की पीडितांची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात आणि त्याची फी सरकार देते. त्यासाठी लेखी अर्ज करा आणि पोहोच घ्या. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. न्यायालयाने परवानगी दिली तर सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी आपला स्वतःचा वकीलही देता येतो. हे हक्क माहीत नसल्यामुळे आपली किती प्रकरणे वाया जातात!

दुसरी गोष्ट, आपली मुले या खुर्चीवर बसली पाहिजेत. अमरावतीचे भूषण गवई नागपूर खंडपीठात सरकारी वकील होते. मे २०२५ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचे वडील दादासाहेब गवई रिपब्लिकन चळवळीतले नेते. त्याच सरन्यायाधीशांच्या हस्ते ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. जयसिंगपूरच्या माणसाला आता अपिलासाठी मुंबई गाठायला नको, कोल्हापूरची गाडी पुरे.

आपले जयसिंगपूर वसवले राजर्षी शाहू महाराजांनी. अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा देणारेही तेच. त्या सनदेचे मोल ओळखून घराघरातून एकतरी मुलगा, एकतरी मुलगी कायदा शिकली पाहिजे. आणि उद्या एखादा काळा कोटवाला मत मागायला दारी आला तर त्याने किती फाशा मिळवल्या हे मोजू नका. दुबळ्याच्या खटल्यात तो किती ठाम उभा राहिला, हे विचारा आणि मगच शिक्का मारा.

जयभीम!